आधी अर्ज, मग शोधनिबंध
विद्यापीठातलं संशोधन उद्योगापर्यंत नेताना

प्रयोगशाळेतलं संशोधन बाजारात पोचत नाही, तेव्हा प्राध्यापक म्हणतात की कारखानदाराला सगळं आजच्या आज हवं असतं, आणि कारखानदार म्हणतो की प्राध्यापकांना फक्त पेपर छापायचे असतात. दोन्ही तक्रारींत तथ्य आहे. पण पुष्कळ चांगली कामं या वादापर्यंत पोचतच नाहीत. ती त्याआधीच हातची जातात, कारण योग्य गोष्टी चुकीच्या क्रमानं केल्या जातात. पेटंटचा अर्ज करायच्या आधी पेपर छापला जातो, करार करायच्या आधी नमुना दिला जातो आणि मोठ्या प्रमाणावर करून पाहायच्या आधी किंमत सांगितली जाते. हा क्रम कसा असावा, हे या लेखात सांगायचं आहे. महाविद्यालयात किंवा विद्यापीठात संशोधन करणारे प्राध्यापक, पीएचडीचे विद्यार्थी आणि त्यांच्याकडे प्रश्न घेऊन येऊ पाहणारे लघुउद्योजक, अशा तिघांसाठी हा लेख आहे.

क्रम चुकला तर काय जातं, याचं सर्वांत मोठं उदाहरण अमेरिकेतलं आहे. स्टॅनफर्ड विद्यापीठाचे स्टॅन्ली कोहेन आणि कॅलिफोर्निया विद्यापीठाचे हर्बर्ट बॉयर यांनी एका सजीवाचं जनुक दुसऱ्यात घालण्याची रीत शोधली. त्यावरचा निबंध नोव्हेंबर १९७३ मध्ये प्रसिद्ध झाला. पेटंटचा विचार त्यानंतर, १९७४ मध्ये सुरू झाला, तोही स्टॅनफर्डचं परवाना कार्यालय चालवणारे नील्स रायमर्स यांनी पाठपुरावा केला म्हणून. अमेरिकेत प्रसिद्धीनंतर एक वर्षाची सवलत असते. ती संपायला जेमतेम आठवडा उरला असताना अर्ज दाखल झाला. पुढे ४६८ कंपन्यांनी परवाने घेतले आणि पेटंटची मुदत संपेपर्यंत सुमारे २५.५ कोटी डॉलर आले. ही सगळी कमाई फक्त अमेरिकी पेटंटांची होती. इतर बहुतेक देशांतला हक्क निबंध छापून आला त्याच दिवशी गेला होता.

सांगण्याआधी नोंदवा

भारतात अशी सरसकट सवलत नाही. विद्वत्संस्थेपुढे वाचलेला निबंध किंवा सरकारनं अधिसूचित केलेल्या प्रदर्शनातली मांडणी, अशा मोजक्या प्रसंगांना १२ महिन्यांची मुभा आहे. तिच्यावर विसंबू नका. एरवी नियतकालिकात छापलेला निबंध तीत बसेलच असं नाही, आणि युरोपात तर ती उपयोगी पडत नाही. नियम सोपा ठेवा : अर्ज दाखल होईपर्यंत शोधाचा गाभा कुठेही उघड करायचा नाही.

उघड करणं म्हणजे फक्त नियतकालिकात छापणं नव्हे. परिषदेतलं पोस्टर, विद्यापीठांच्या ‘आविष्कार’ संशोधन स्पर्धेतली मांडणी, विभागाच्या संकेतस्थळावरची बातमी, समाजमाध्यमावर टाकलेला उपकरणाचा फोटो, गोपनीयतेचा करार न करता कंपनीपुढे केलेलं सादरीकरण, हे सगळं त्यात येतं. पीएचडीच्या विद्यार्थ्यांनी आणखी एक गोष्ट लक्षात ठेवावी. मान्य झालेला प्रबंध ‘शोधगंगा’ या भांडारात जातो आणि कोणालाही वाचता येतो. प्रबंधात पेटंटयोग्य काही असेल, तर तो सादर करण्याआधीच मार्गदर्शकांशी बोला, अर्ज दाखल करा आणि गरज पडली तर प्रबंध काही काळ खुला न करण्याची लेखी विनंती विद्यापीठाला करा.

यात संशोधन लपवण्याचा हेतू नाही. आधी अर्ज केला, की दुसऱ्या दिवशी निबंध पाठवायला हरकत नसते. त्यासाठीच तात्पुरत्या तपशिलाचा अर्ज असतो, ज्याला सगळे प्रोव्हिजनल म्हणतात. तो आज दाखल केला की तारीख तुमची होते आणि पूर्ण तपशील देण्यासाठी १२ महिने मिळतात. शैक्षणिक संस्थांना पेटंट शुल्कात ८० टक्के सवलत आहे, त्यामुळे ऑनलाइन अर्जाचं सरकारी शुल्क १,६०० रुपये पडतं. पेटंट एजंटाचा खर्च वेगळा. मात्र प्रोव्हिजनल म्हणजे नुसती कल्पना लिहिलेलं पान नव्हे. त्यात जे नीट सांगितलं असेल, त्यालाच ती तारीख लागू होते. पदार्थाचं प्रमाण, तापमानाची कमाल-किमान मर्यादा, झालेले प्रयोग, पर्यायी घटक, हे सगळं त्यात आलं पाहिजे.

अर्ज लिहिण्याआधी आधीचं काम शोधा. भारतीय पेटंट कार्यालयाची शोधप्रणाली आणि युरोपीय कार्यालयाचं एस्पासनेट दोन्ही विनामूल्य आहेत. दोन दिवस नीट शोध घेतला, तर दोन वर्षांचा भ्रम टळतो.

शोध कोणाचा, हक्क कोणाचा

संशोधक आणि मालक हे दोन वेगळे प्रश्न आहेत. संशोधक म्हणून नाव त्याचंच, ज्यानं शोधाच्या कल्पनेत भर घातली. विभागप्रमुख आहेत, निधी आणला, यंत्र वापरू दिलं, म्हणून पेटंटवर नाव लागत नाही. उलट एखाद्या एमएस्सीच्या मुलीनं निर्णायक बदल सुचवला असेल, तर तिचं नाव वगळता येत नाही. निबंधाची लेखकयादी उदार असू शकते, पेटंटची असू नये. चुकीच्या यादीमुळे पुढे पेटंटलाच आव्हान मिळू शकतं.

मालकी ठरते संस्थेच्या बौद्धिक संपदा धोरणावरून आणि निधी देणाऱ्याच्या अटींवरून. अमेरिकेत १९८० च्या बे-डोल कायद्यानं सरकारी पैशातून झालेल्या शोधाचा हक्क विद्यापीठांना घेता येऊ लागला. आपल्याकडे अशाच धर्तीचं विधेयक २००८ मध्ये राज्यसभेत मांडलं गेलं, पण पुढे ते मागे घेतलं गेलं. म्हणून इथे संस्थेचं लेखी धोरण हाच आधार असतो. उत्पन्नातला किती वाटा संशोधकांना, किती विभागाला, किती संस्थेला आणि विद्यार्थ्याचं काय, हे त्यात पाहा. महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायदा, २०१६ नुसार प्रत्येक विद्यापीठात नवोपक्रम, नवसंशोधन व साहचर्य संचालक हे पद आहे. पहिली भेट तिथे घ्या.

प्रयोगवही जपा. पानांना क्रमांक, रोजची तारीख, खाडाखोड दिसेल अशी, आणि सहकाऱ्याची सही. कोणती कल्पना कोणाची आणि कधीची, असा वाद झाला तर हीच वही बोलते.

परदेशी भागीदारांबरोबर काम करणाऱ्यांसाठी एक सूचना. संशोधक भारतात राहणारा असेल, तर अर्ज आधी भारतात करून ६ आठवडे थांबावं लागतं किंवा परदेशात अर्ज करण्याची परवानगी पेटंट कार्यालयाकडून घ्यावी लागते. भागीदार विद्यापीठानं घाईनं परस्पर तिकडे अर्ज केला आणि हे राहून गेलं, तर इथला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो.

कशाला कोणतं संरक्षण

प्रत्येक चांगल्या कामाला पेटंट मिळत नाही, आणि प्रत्येकाला ते लागतही नाही. नुसत्या संगणक प्रोग्रॅमला भारतात पेटंट नाही, त्यासाठी कॉपीराइट आहे. शेतीची पद्धत आणि रुग्णावर उपचार करण्याची पद्धत पेटंटखाली येत नाही. उपचारासाठीचं नवं उपकरण येऊ शकतं. पिकाच्या नव्या वाणाला २००१ चा वाण-संरक्षण व शेतकरी हक्क कायदा लागतो. त्यात सर्वसाधारण पिकांना १५ वर्षं आणि झाडं व वेलींना १८ वर्षं संरक्षण मिळतं. वस्तूच्या बाह्य आकाराला डिझाइन नोंदणी आहे.

पारंपरिक ज्ञानाला पेटंट नाही, ही गोष्ट आयुर्वेद आणि औषधी वनस्पतींवर काम करणाऱ्यांनी आधीच ध्यानात घ्यावी. हळदीनं जखम भरण्यावरचं अमेरिकी पेटंट १९९७ मध्ये रद्द झालं, ते वैज्ञानिक व औद्योगिक संशोधन परिषदेनं (सीएसआयआर) जुन्या ग्रंथांतले पुरावे पुढे ठेवले म्हणून. जो मुद्दा आपण तिथे लढवला, तोच आपल्या अर्जालाही लागू होतो. सह्याद्रीतली वनस्पती किंवा सूक्ष्मजीव वापरला असेल, तर जैवविविधता कायद्याखाली राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाकडची प्रक्रियाही पूर्ण करावी लागते. तिला वेळ लागतो, म्हणून ती शेवटावर ठेवू नका.

उद्योगाकडे काय घेऊन जायचं

प्रयोगशाळेत ५० ग्रॅमवर जमलेली गोष्ट ५०० किलोवर जमेलच असं नसतं. घरी दहा माणसांचा भात रोज उत्तम करणाऱ्या बाईलाही लग्नातल्या हजार पानांचा भात वेगळा शिकावा लागतो. उष्णता आत पोचायला वेळ लागतो, मिश्रण सारखं होत नाही, कच्चा माल शुद्ध मिळत नाही, टाकाऊ पाण्याचं काय करायचं हा प्रश्न उभा राहतो. तंत्रज्ञानाची सज्जता १ ते ९ अशा पातळ्यांत मोजतात. विद्यापीठातलं काम बहुधा तिसऱ्या-चौथ्या पातळीवर थांबतं आणि उद्योगाला सहाव्या-सातव्या पातळीच्या पुढचं हवं असतं. मधला पट्टा कोणाचाच नसतो, आणि बहुतेक कामं तिथेच अडकतात.

तो ओलांडण्यासाठी पैसे मिळतात. नमुना उपकरण घडवायला केंद्र सरकारच्या ‘निधी-प्रयास’ योजनेतून १० लाखांपर्यंत, जैवतंत्रज्ञानातल्या कल्पनेला ‘बायरॅक’ या सरकारी संस्थेच्या ‘बिग’ योजनेतून ५० लाखांपर्यंत अनुदान आहे. पुण्यात राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेच्या आवारातलं व्हेंचर सेंटर आणि मुंबईत आयआयटीतलं ‘साइन’ ही केंद्रं याच टप्प्यावर हात देतात. अर्ज, सल्ला, उपकरणं आणि जागा एकाच ठिकाणी मिळतात.

कंपनीकडे जाताना ४० पानांचा प्रबंध नेऊ नका. दोन पानं पुरतात : कोणता प्रश्न सुटतो, आज तो कसा सोडवतात, तुमच्या रीतीनं काय वाचतं, किती प्रमाणावर करून पाहिलं, काय अजून माहीत नाही आणि हक्काची स्थिती काय आहे. ‘काय अजून माहीत नाही’ हा मुद्दा प्रामाणिकपणे लिहा. अनुभवी कारखानदार तोच आधी वाचतो आणि त्यावरूनच तुमच्यावर विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवतो.

संबंधही एकदम मोठा मागू नका. आधी चाचणीसेवा, मग सल्लासेवा, मग प्रायोजित संशोधन आणि त्यानंतर परवाना, अशी पायरी चढा. माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेची, म्हणजे १९३३ साली मुंबई विद्यापीठाचा विभाग म्हणून सुरू झालेल्या यूडीसीटीची ताकद याच सवयीत आहे. तिथल्या प्राध्यापकांनी उद्योगांना सल्ला देणं हे शिकवण्याचंच अंग मानलं. कारखान्यातला प्रश्न वर्गात आला, वर्गातला विद्यार्थी कारखान्यात गेला, आणि परवान्याची बोलणी होण्याआधीच ओळख पक्की झालेली असायची.

करारात काय पाहायचं

सामंजस्य करारावर सह्या होतात, हस्तांदोलनाचा फोटो छापून येतो आणि पुढे काही होत नाही, हे चित्र आपण सर्वांनी पाहिलं आहे. सामंजस्य करार इच्छा सांगतो. काम, पैसे, मुदत आणि हक्क सांगणारा करार वेगळा करावा लागतो. क्रम असा ठेवा : बोलण्याआधी गोपनीयतेचा करार, नमुना देण्याआधी नमुन्याच्या वापराचा करार, काम सुरू करण्याआधी संशोधनाचा करार आणि उत्पादनाआधी परवाना.

सर्वांत जास्त जपायचं कलम म्हणजे संयुक्त मालकी. दोघांनी मिळून काम केलं, मग पेटंट दोघांच्या नावावर, हे ऐकायला न्याय्य वाटतं. पण पेटंट कायद्याचं ५० वं कलम वाचा. वेगळा करार नसेल, तर प्रत्येक सहमालक स्वतःपुरतं उत्पादन करू शकतो आणि दुसऱ्याला काही देणं लागत नाही. मात्र तिसऱ्याला परवाना द्यायचा तर सर्वांची संमती लागते. कंपनीकडे कारखाना असतो, विद्यापीठाकडे नसतो. म्हणजे कंपनी उत्पादन करणार, विद्यापीठाला काही मिळणार नाही आणि दुसऱ्या कोणाला परवानाही देता येणार नाही. म्हणून संयुक्त मालकी मान्य करायचीच असेल, तर मोबदला आणि परवान्याचा हक्क करारात स्वतंत्रपणे लिहून घ्या.

दुसरं कलम प्रकाशनाचं. कंपनीला मजकूर आधी पाहण्यासाठी ३० ते ६० दिवस देणं योग्य आहे, कायमचा नकाराधिकार देणं योग्य नाही. विद्यार्थ्याची पदवी कोणत्याही परिस्थितीत अडकणार नाही, हे वाक्य करारात स्पष्ट हवं. या एका वाक्यासाठी मार्गदर्शकांनी आग्रह धरलाच पाहिजे, कारण करार करताना विद्यार्थी त्या खोलीत नसतो.

तिसरं, परवाना किती रुंद द्यायचा. एकाच कंपनीला द्यायचा असेल तर कोणत्या वापरासाठी, कोणत्या प्रदेशात आणि किती वर्षं, हे ठरवा. ठरलेल्या मुदतीत उत्पादन सुरू झालं नाही तर परवाना परत, ही अट घाला. नाहीतर शोध कपाटात जातो. हमी आणि नुकसानभरपाईची कलमं विद्यापीठाच्या वकिलांकडून वाचून घ्या. जीएसटी कोणी भरायचा, हे लेखा विभागाला विचारून आधीच लिहा. परवाना लेखी असला पाहिजे आणि पेटंट कार्यालयात त्याची नोंद झाली पाहिजे.

चौथं, पैसे. समजा, तुमच्या प्रक्रियेनं एका किलोमागे ४ रुपये वाचतात आणि कारखाना वर्षाला २०० टन माल करतो. वर्षाची बचत झाली ८ लाख. नवं यंत्र बसवायला १२ लाख लागणार असतील, तर पहिल्या दीड वर्षाची बचत यंत्रातच जाईल. अशा कारखान्याकडे सुरुवातीलाच १० लाख मागितले तर बोलणी तिथेच थांबतील. पेटंटचा झालेला खर्च सुरुवातीला, उत्पादन सुरू झाल्यावर ठराविक रक्कम आणि मग विक्रीवर रॉयल्टी, अशी मांडणी दोघांना पेलते. रॉयल्टी विक्रीच्या रकमेवर ठेवा. नफ्याच्या आकड्यावर पुढे वाद होतात, विक्रीचा आकडा बिलांवरून तपासता येतो.

परवान्यानंतरचं काम

पेटंटात जे लिहिता येतं, ते सगळ्या ज्ञानाचा एक भाग असतं. ढवळणं केव्हा थांबवायचं, रंग कसा दिसला की पुढे जायचं, कोणत्या पुरवठादाराचा माल चालत नाही, हे हातांत असतं. ते माणसांबरोबरच जातं. म्हणून तुमचा विद्यार्थी किती दिवस कारखान्यात राहील, त्यांचा माणूस किती दिवस प्रयोगशाळेत येईल आणि त्याचे पैसे कोण देईल, हेही करारात लिहा.

मुंबईतलं नेक्सकार-१९ हे उदाहरण डोळ्यांपुढे ठेवावं असं आहे. रुग्णाच्याच पेशी प्रयोगशाळेत बदलून रक्ताच्या काही कर्करोगांवर उपचार करण्याची ही पद्धत आयआयटी मुंबईत राहुल पुरवार यांच्या प्रयोगशाळेत आकाराला आली. रुग्णांवरच्या चाचण्या टाटा स्मारक केंद्रानं केल्या आणि उत्पादनासाठी २०१८ मध्ये इम्युनोअॅक्ट ही कंपनी उभी राहिली. पहिल्या रुग्णाला हा उपचार जून २०२१ मध्ये नवी मुंबईत मिळाला, औषध नियंत्रकांची मान्यता ऑक्टोबर २०२३ मध्ये आली आणि ४ एप्रिल २०२४ रोजी आयआयटीत त्याचं लोकार्पण झालं. परदेशातल्या तशाच उपचाराच्या सुमारे एकदशांश खर्चात तो इथे देता येईल, असं त्या वेळी सांगितलं गेलं. अभियंता, डॉक्टर आणि उत्पादक यांनी आपापला भाग शेवटपर्यंत धरून ठेवला, म्हणून हे झालं. यातल्या एकानंही परवाना किंवा मान्यता मिळाली म्हणून हात झटकले असते, तर रुग्णापर्यंत काही पोचलं नसतं.

उद्योजकांसाठी

एमआयडीसीतल्या लहान कारखान्याचे मालक असाल, तर विद्यापीठात जाताना प्रश्न नेमका करून न्या. ‘काहीतरी नवीन करून द्या’ म्हणण्यापेक्षा ‘आमच्या मालात दर शंभरातले सात नग तडकतात, पावसाळ्यात जास्त’ हे सांगणं कामाचं आहे. खराब नग बरोबर न्या, तीन महिन्यांच्या नोंदी न्या, आणि कारखान्यातला एक माणूस या कामासाठी नेमून द्या. प्राध्यापकाच्या परीक्षा असतात, प्रवेश असतात, तपासण्या असतात. तुमचा एक महिना त्यांचे तीन होतात, हे धरून चाला. पैसे टप्प्याटप्प्यानं द्या, पण वेळेवर द्या. आणि उत्तर ‘हे जमणार नाही’ असं आलं, तरी त्याचे पैसे द्या. चुकीच्या यंत्रात घालणार असलेली रक्कम त्या उत्तरानं वाचवलेली असते.

या आठवड्यात काय करता येईल

आपल्या संस्थेचं बौद्धिक संपदा धोरण मागून घ्या आणि वाचा. ते नसेल, तर विद्या परिषदेपुढे ते ठेवावं असं लेखी पत्र द्या. सध्या लिहीत असलेल्या निबंधात किंवा प्रबंधात नोंदवण्याजोगं काही आहे का, हे तो पाठवण्याआधी तपासा. नागपूरच्या राजीव गांधी राष्ट्रीय बौद्धिक संपदा व्यवस्थापन संस्थेच्या प्रशिक्षणाला विभागातल्या एकाला पाठवा. आणि जवळच्या एमआयडीसीतल्या एका कारखान्यात, काही विकायला न जाता, त्यांचे प्रश्न ऐकायला जा.

आपलं बहुतेक संशोधन लोकांनी भरलेल्या करातून होतं. ते कोणाच्या तरी शेतात, दवाखान्यात, कारखान्यात उपयोगी पडावं, ही अपेक्षा रास्त आहे, आणि ती पुरी करायला दर वेळी मोठ्या संस्थेचं नाव किंवा मोठा निधी लागत नाही. जिल्ह्याच्या महाविद्यालयातला संशोधकही योग्य वेळी केलेल्या १,६०० रुपयांच्या अर्जापासून ही वाट सुरू करू शकतो.